कनकाअक्काची वेगळी शेगडी

तमिळ मुलखात, मांबळमच्या त्या घरात मी पहिलं पाऊल टाकलं ते पेरूंची पिशवी घेऊन, आणि चप्पल काढून होते न होते तोच घरातलं चातुर्मासाचं व्रत मोडून बसलो.

बार्शीच्या शाळेत आम्हाला शिकवलं होतं की कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि घरात लहान मूल असेल तर खाऊ आधी त्याच्या हातात द्यावा. दोन्ही धडे मी मन लावून गिरवले. दारात दहा-अकरा वर्षांची एक मुलगी उभी होती. हातापायांच्या काड्या, डोळे तेवढे मोठे. पिशवीतला सगळ्यांत पिकलेला पेरू मी तिला दिला. तिने एकदा मागे वळून पाहिलं आणि अर्धा पेरू असा फस्त केला की हिला घरात जेवायला देत नाहीत की काय, अशी मला शंका आली. तेवढ्यात ओल्या पंच्यातले एक आजोबा आतून बाहेर आले. त्यांनी मुलीच्या हाताकडे पाहिलं, माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि भिंतीला हात टेकला. उरलेला अर्धा पेरू मुलीच्या हातातून काढून घेतला गेला आणि पिशवीसकट रस्त्यावरच्या गायीपुढे टाकण्यात आला. गायींना चातुर्मास नसतो.

साल चौसष्ट. अंबत्तूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीतल्या एका नटबोल्टांच्या कारखान्यात मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो. तिथले हिशेबनीस गुरुराजराव म्हणाले, आमच्या माडीवर खोली आहे, जिना बाहेरून आहे, मराठी माणूस मिळाला तर बरं. ही मंडळी तंजावरची. तीनेकशे वर्षांपूर्वी यांचे पूर्वज एकोजीराजांबरोबर खाली उतरले आणि इथलेच झाले. त्यांचं मराठी ऐकलं की कुणीतरी जुनी बखर मोठ्याने वाचतंय आणि मध्येमध्ये तिच्यावर सांबार सांडतंय असं वाटायचं. त्यांना माझं मराठी कसं वाटायचं ते गुरुराजरावांच्या बायकोने, म्हणजे कनकाअक्काने, पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं.

"तुम्ही बोलतां की भांडतां, ते आम्हांस कळत नाही," ती म्हणाली. "बार्शीस सगळे असेच काय?"

त्या दिवसापासून माझं नाव बार्शी. मुलीचा, अलमेलूचा, मी बार्शीमामा.

घर माध्व, म्हणजे कडक वैष्णव. आषाढातल्या एकादशीपासून त्यांच्यात चार महिने चार व्रतं असतात. पहिल्या महिन्यात भाज्या-फळं बंद, मिरची-चिंचसुद्धा नाही. दुसऱ्यात दही बंद, तिसऱ्यात दूध, चौथ्यात डाळी आणि बियांचं सगळं. तिथल्या बायका या चार महिन्यांचा स्वयंपाक डोळे मिटून करतात. मला तो डोळे उघडे ठेवूनही समजला नाही. पोरांना एरवी सूट असते. पण अलमेलूच्या पोटात वर्षभर कळा येत होत्या, म्हणून आजोबांनी, व्यासराजअण्णांनी, त्या वर्षी तिच्याही नावाने संकल्प सोडला होता. आणि व्रताच्या पहिल्याच आठवड्यात मी पेरू घेऊन हजर.

संध्याकाळी अलमेलू पोट धरून ओसरीवर वाकडी पडली. घाम, ओकारी, पांढराफटक चेहरा. मी जिन्यावर उभा. अण्णा एवढंच म्हणाले की व्रत मोडलं की असं होतं. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे तो महिना अलमेलू बरी राहिली. नुसता भात, मुगाचं वरण, मिऱ्यांचं सार, दही. श्रावणात भाज्या सुरू झाल्या आणि कळाही. अण्णांनी ठरवलं की शाळेत मैत्रिणीच्या डब्यातलं दही खाल्लं असणार. पोरगी नाही म्हणाली तरी तिचं कोण ऐकतंय. कार्तिकाच्या आधीच्या महिन्यात डाळी आणि बिया बंद झाल्या, पुन्हा थोडी बरी. अण्णा निवृत्त संस्कृत शिक्षक. हयातभर पोरांच्या चुका काढण्यात गेलेली. त्यांच्या दृष्टीने गणित सुटलं होतं: व्रत पाळलं की बरी, मोडलं की आजारी.

हे गणित न पटणारं घरात एकच माणूस होतं. कनकाअक्का. तिला शास्त्र येत नव्हतं आणि डॉक्टरी येत नव्हती, आठवीनंतर शाळा सुटलेली. पण रोज सकाळी पोरीची वेणी तीच घालायची. अलमेलूच्या हातातली बांगडी मागल्या दिवाळीत मनगटावर होती, ती हात वर केला की आता कोपरापर्यंत घसरायची. दुपारी अंग कोमट लागायचं. परसातल्या संडासात पोरगी इतक्या वेळा जायची की शाळेत बाईंनी तिला दाराजवळचा बाक दिला होता, आणि वर्गात त्यावरून हसायचे. "बरी आहे म्हणतात," कनकाअक्का मला जिन्याखालून म्हणाली. "बरं होणाऱ्या पोरीची बांगडी सैल होते काय?"

ती तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. गुरुराजराव बरोबर होते, म्हणजे शरीराने होते. हा माणूस कारखान्यात दुसऱ्याच्या हिशेबातली एक आण्याची चूक शोधायला तीन दिवस घालवायचा, आणि घरात प्रत्येक गोष्टीला "शेरी" म्हणायचा. शेरी म्हणजे तमिळमध्ये बरं. अण्णा म्हणाले व्रत, शेरी. बायको म्हणाली डॉक्टर, शेरी. डॉक्टर म्हणाले आतड्याचा क्षय, त्यालाही शेरी.

क्षय हा शब्द घरात आला आणि दारं-खिडक्या बंद झाल्या. मुलीची जात, उद्या लग्न कोण करील. नातेवाइकांना सांगायचं की ताकदीची इंजेक्शनं चालली आहेत. गल्लीच्या टोकाला कंपाउंडर रोज तिला सुई टोचायचा. अलमेलूच्या दंडावर गाठी आल्या, पण कळा गेल्या नाहीत. तिरुवल्लिकेणीहून गुरुराजरावांची बहीण अंबुजा यायची. पिशवी खाली ठेवायच्या आत तिचा प्रश्न ठरलेला.

"काय खायला घातलंस पोरीस, कनका?"

हा प्रश्न मी त्या घरात इतक्यांदा ऐकला की आता कुणी विचारला तर माझा हात उगारला जातो. डॉक्टरने विचारला, कंपाउंडरने विचारला, समोरच्या अय्यरांच्या म्हातारीने कठड्यावरून ओरडून विचारला. बापाला कुणी विचारला नाही. आजोबांना नाही. पेरू खाऊ घालणारा मी, मला तर कुणीच नाही. जिने तीन वेळचं ताट मांडलं तिलाच सगळे विचारणार. मग कनकाअक्का एकेक पदार्थ सांगायची आणि समोरचा माणूस त्यातला एक निवडून मान हलवायचा. "हां. तेच."

कार्तिकातल्या द्वादशीला चातुर्मास संपला. पारणं पहाटे. चार महिने दूर ठेवलेलं सगळं त्या दिवशी पानात येतं. त्यात आवळा हवा आणि हादग्याच्या पाल्याची भाजी हवी, त्याशिवाय पारणं होत नाही. मलाही खाली बोलावलं होतं. अण्णा त्या दिवशी खुशीत होते. एवढ्याशा पोरीने मोठ्यांच्या बरोबरीने व्रत पाळलं म्हणून त्यांनी स्वतः उठून तिच्या पानात हादग्याची भाजी दुसऱ्यांदा वाढली. कनकाअक्का म्हणाली, पुरे. अण्णा म्हणाले, पारण्याला पुरे म्हणत नाहीत. अलमेलूने सगळं खाल्लं. आजोबा कौतुकाने पाहत असताना कुठलं पोर टाकणार?

दुपारपर्यंत तिचं पोट मृदंगासारखं ताणलं होतं. उलटी हिरवी. टॅक्सी मी आणली. पुढे बसलो आणि मागे वळून पाहायचं धाडस झालं नाही. मागून कनकाअक्काचा आवाज येत होता. ती पोरीला काही सांगत नव्हती, देवाचं नाव घेत नव्हती. ड्रायव्हरला तमिळमधून शिव्या देत होती, प्रत्येक सायकलवाल्यासाठी थांबतो म्हणून. तंजावरच्या घरातल्या बाईला तसल्या शिव्या येतात हे मला तेव्हा कळलं, आणि सांगतो, तेवढ्यानेच मला धीर आला.

सरकारी इस्पितळात त्याच दिवशी पोट उघडलं. वीतभर आतडं कापून काढलं. पंधरवडा गेला, तो कापलेला तुकडा तपासून झाला, आणि मोठ्या सर्जननी आम्हाला बोलावलं. इंग्रजीतून, गुरुराजरावांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत, त्यांनी सांगितलं की हा क्षय नव्हे. क्रोन्स डिसीज. एका अमेरिकन डॉक्टरच्या नावाचा रोग. आपल्याकडे फार दिसत नाही, म्हणजे दिसला तरी क्षयच वाटतो. कारण माहीत नाही. औषधाने दबतो, जात नाही. आतडं पुन्हा सुजू शकतं, पुन्हा कापावं लागू शकतं.

गुरुराजराव म्हणाले, "शेरी."

कनकाअक्का आमच्या मागे उभी होती. सर्जन उठायला लागले तेव्हा ती पुढे आली आणि खुर्ची आणि दार यांच्या मधोमध उभी राहिली. तमिळमध्ये बोलली, पण शब्दन् शब्द मला कळला.

"मला सांगा," ती म्हणाली. "यांना काय सांगतां? तिला भरवते मी."

सर्जनना घाई होती. त्यांनी एका तरुण डॉक्टरणीला खूण केली आणि ते गेले. ही मुलगी मात्र बाकावर कनकाअक्काशेजारी बसली. तिने सायकलच्या ट्यूबचं उदाहरण दिलं. ट्यूब आतून सुजली, जाड झाली, एका ठिकाणी बोटही जाणार नाही इतकी अरुंद झाली. भात-वरण तिथून सरकतं. पालेभाजीचे दोर, बिया, साली तिथे अडकतात. तुमच्या मुलीच्या आतड्यात हादग्याच्या पाल्याचा बोळा अडकला होता. रोग त्या पाल्याने झालेला नाही, पेरूने नाही, तुम्ही घातलेल्या कशानेच नाही. रोग आधीच होता.

कनकाअक्काने हे तिच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. कशानेच नाही? कशानेच नाही. मला वाटलं, आता रडेल. चांगली रडण्यासारखी गोष्ट होती, मीच रडायच्या बेतात होतो. पण ती भडकली होती.

"म्हणजे व्रतानं बरी वाटत होती ते खरंच," ती मला म्हणाली. "भाजी बंद, कळ बंद. बिया बंद, कळ बंद. माझ्या स्वयंपाकघरात उत्तर पडलं होतं, बार्शी, आणि सगळे देवघरात शोधत होते. मीसुद्धा."

घरी येताना गोळ्या मिळाल्या. सूज दाबणाऱ्या, पांढऱ्या, बारक्या. डॉक्टरणीने एक गोष्ट बजावली होती: या गोळ्या एकदम बंद करायच्या नाहीत. शरीराला त्यांची सवय लागते, एकदम तोडल्या तर पोरगी उभीसुद्धा राहू शकणार नाही. कमी करायच्या तर आम्ही सांगू तशा. खायला मऊ भात, दही, दूध, शिजवून गाळलेला भोपळा. अंडंही सुचवलं होतं. तेव्हा कनकाअक्काने तिच्याकडे असं पाहिलं की तिने लगेच दह्याचं प्रमाण वाढवून दिलं.

गोळ्यांनी कळा थांबल्या, भूक आली, आणि अलमेलूचा चेहरा सुजून गोल झाला. अंबुजाआत्या म्हणाली, बघा कशी गुटगुटीत झाली, आता काय खायला घालतेस? कनकाअक्का म्हणाली, "तुझं डोकं." आत्या पोंगलपर्यंत आली नाही. मला फार बरं वाटलं.

पण शाळेत अलमेलूला पोरी पुरी म्हणायला लागल्या. आधी काडी म्हणून हसायच्या, आता पुरी म्हणून. ती माझ्या खोलीत येऊन माझ्या दाढीच्या आरशात गाल आत ओढून बघायची. मी तिला म्हटलं की बार्शीत असे गाल असलेली माणसं नगराध्यक्ष होतात. ती हसली नाही. म्हणाली, "मामा, तुझ्या विनोदाचं हसूं तुझ्याच गावास येतं." पोरगी आईवर गेली होती.

इकडे गुरुराजरावांनी एक उद्योग केला. डॉक्टरणीचं सगळं बोलणं, हादगा, बिया, अरुंद जागा, त्यांनी प्रामाणिकपणे अण्णांना सांगितलं. पण रोग आधीच होता आणि औषध सोडायचं नाही, हे शेवटचं सांगेपर्यंत अण्णा ऐकायचे थांबले होते. त्यांना पाहिजे ते मिळालं होतं. शास्त्राने जे सांगितलं तेच इस्पितळाने सांगितलं! भाजी वर्ज्य करावी. म्हणजे व्रत खरं, रोग व्रताने आटोक्यात, मग गोळ्या कशाला?

पुढचा आषाढ आला. अण्णांनी अलमेलूच्या नावाने पुन्हा संकल्प सोडला. कनकाअक्काने विरोध केला नाही. पहिल्या महिन्यात भाज्या नाहीत, तशाही त्या तिला गाळूनच मिळत होत्या. महिनाभर भोपळा नसला तर नसला. दह्याच्या महिन्याचं नंतर बघू. घरात पहिल्यांदाच शांतता होती. आजोबा आणि नात सकाळी देवघरात एकत्र बसायचे. अलमेलू चंदन उगाळायची, अण्णा तिला स्तोत्र शिकवायचे. वर माझ्या खोलीपर्यंत तिचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, चला, या घराचं गाडं रुळावर आलं.

श्रावण लागता लागता एका सकाळी अलमेलू उठून बसली आणि तशीच आडवी झाली. उभी राहीना. हातपाय गार, उलट्या, डोळे वर. पुन्हा टॅक्सी, पुन्हा तेच इस्पितळ. तीच डॉक्टरीण. तिने नाडी पाहिली, सलाईन लावायला सांगितलं आणि कनकाअक्काकडे वळली.

"गोळ्या कधी बंद केल्या?"

कनकाअक्का म्हणाली, केल्या नाहीत. रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने तिच्या तळहातावर ठेवते, पाणी देते. डॉक्टरणीचा विश्वास बसला नाही. ती चांगली मुलगी होती, पण तिचासुद्धा आवाज चढला. आईच खोटं बोलायला लागली तर आम्ही काय करायचं, पोर दगावली असती. वॉर्डातल्या सगळ्या बायका वळून पाहायला लागल्या. कनकाअक्का सगळं ऐकून घेत होती, पण तिचं लक्ष डॉक्टरणीकडे नव्हतंच. ती अलमेलूकडे पाहत होती. अलमेलूने तोंड भिंतीकडे केलं होतं.

दुपारी पोरगी शुद्धीवर आली, धोका टळला. कनकाअक्का कपडे आणायला घरी निघाली आणि मला बरोबर घेतलं. घरात शिरली ती न्हाणीघरात नाही, स्वयंपाकघरात नाही, थेट परसात तुळशीपाशी. देवाचं निर्माल्य रोज तिथेच पडायचं. तिने काडीने कालपरवाची फुलं बाजूला केली. तुळशीच्या बुंध्याशी, ओल्या मातीत, पांढरे बारके गोल होते. काही विरघळून चुन्याच्या ठिपक्यासारखे झालेले, काही अजून अख्खे. मुंग्यांनीही त्यांना तोंड लावलं नव्हतं.

अण्णा मागच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी काहीही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यांनी पोरीला सांगितलं होतं की पाणी तेवढं पी, गोळी मुठीत धर आणि देवापुढच्या ताटात तुळशीबरोबर ठेव. देवाला अर्पण केलेलं औषध देवच लागू करतो. पोरीलाही तो चेहरा नको होता. तिनेही मान डोलावली. दोघांनी मिळून आईच्या पाठीमागे देवाला गोळ्या चारल्या.

मी तोंड उघडलं होतं. बार्शीच्या बाजारात शिकलेलं बरंच काही माझ्या जिभेवर आलं होतं. कनकाअक्काने हाताने मला गप्प केलं. वर्षभराचा राग उसळलेला मला दिसत होता. कपाळावरची शीर उडत होती. पण आवाज वाढला नाही.

"अण्णा," ती म्हणाली, "देवास गोळ्या नको होत्या. देवाचं आतडं शाबूत आहे."

अण्णा म्हणाले की आपण पोरीच्या भल्यासाठीच केलं.

"सगळ्यांनी तिच्या भल्यासाठीच केलं. सुईवाल्यानंही. म्हणून मी काही म्हणत नाही. पण आज डॉक्टरणीनं मला विचारलं, तू काय केलंस. वर्ष झालं, जो येतो तो मलाच विचारतो, काय घातलंस. आजपासून तसं विचारायचं नाही. काय घालूं, असं विचारायचं. तिच्या पानात, तिच्या तोंडात, तिच्या तळहातावर काय पडायचं ते मी ठरवीन. तुमच्या संकल्पातून तिचं नाव काढा."

संकल्प असा मध्येच मोडता येत नाही, असं अण्णा म्हणाले. ते त्यांना खरंच वाटत होतं.

"मग तिच्या वाटचा मी मोडते," कनकाअक्का म्हणाली. "पाप माझं."

अलमेलू घरी आली तोवर बाहेरच्या पडवीत, माझ्या जिन्याच्या बुडाशी, एक कोळशाची शेगडी मांडली गेली होती. दोन पातेली, एक गाळणं, एक भांडं विरजणाचं. ते माध्वांचं सोवळ्याचं घर. तिथे दुसरी चूल मांडणं म्हणजे वाटण्या झाल्यासारखं. आत दह्याचं व्रत सुरू झालं होतं, दही शब्दही कुणी उच्चारत नव्हतं. आणि बाहेर रोज सकाळी कनकाअक्का पडवीतच दही घुसळून अलमेलूसाठी भात कालवायची. समोरची अय्यर म्हातारी कठड्यावर लटकून पाहायची. कनकाअक्का तिच्याकडे पाहत पाहत घास भरवायची. रोज सकाळी गोळी गिळल्यावर अलमेलूला आधी मुठी आणि मग तोंड उघडून दाखवावं लागे, दोन्ही गाल, जिभेखाली. पोरीने तक्रार केली की घोड्यासारखं दात बघतेस. आई म्हणाली, घोडं बरं, ते खोटं बोलत नाही.

अंबुजाआत्या आली. तिने शेगडी पाहिली आणि ओसरीवर बसून गुरुराजरावांना झापलं, की बायको घर फोडते आणि तू बघत बसतोस. मी जिन्यावरून ऐकत होतो. शेरीची वाट पाहत होतो. गुरुराजराव उठले, आतून आपलं केळीचं पान आणलं, पडवीत अलमेलूच्या शेजारी टाकलं आणि मांडी घालून बसले.

"मलाही वाढ," ते बायकोला म्हणाले.

तिने वाढलं. कौतुक नाही, डोळ्यांत पाणी नाही. दही थोडं आंबट झालं होतं. गुरुराजरावांनी तोंड वाकडं केलं आणि खाल्लं. ते वर्षभर आधी उठून बसायला हवे होते, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे. कनकाअक्काचंही असावं, कारण दुसऱ्या वेळी तिने त्यांना विचारलं नाही, पातेलं पुढे सरकवलं.

अण्णा तो चातुर्मास संपेपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. पण रोज सकाळी पूजेला बसण्याआधी देवघरातून, कुणाचं नाव न घेता, हवेत विचारायचे: "गोळी झाली काय?" कनकाअक्का उत्तर द्यायची नाही. अलमेलू द्यायची. मग घंटी वाजायची. मला वाटायचं, अक्काने एकदा तरी हो म्हणावं, म्हातारा माणूस आहे. पण मी कोण सांगणारा? पोर माझी नव्हती, आणि वर्षभर 'काय घातलंस' हा प्रश्नही मला कुणी विचारला नव्हता.

रोग गेला नाही. कार्तिकात पुन्हा ताप, गोळ्या वाढल्या, मग कमी झाल्या. हादगा त्या वर्षी अलमेलूच्या पानात फक्त शास्त्रापुरता, एक पान, तोंडाला लावून बाजूला ठेवायचा. हे कुणी सुचवलं ते मला सांगितलं गेलं नाही. अण्णांनी असणार, शास्त्रात अशी पळवाट त्यांनाच माहीत. कनकाअक्काने ते चालू दिलं. शेगडी मात्र उचलली नाही.

पुढच्या वर्षी माझी बदली पिंपरीच्या कारखान्यात झाली. निघताना सामान खाली आणलं तेव्हा अलमेलू दारात उभी होती, पहिल्या दिवशी होती तिथेच. गाल पुष्कळ उतरले होते, बांगडी मनगटावर होती. तिने हात पुढे केला.

"मामा, माझा अर्धा पेरू."

मी म्हटलं, तो गायीने खाल्ला.

"गायीला तू दिलास का मला दिलास?"

तिला दिलेला होता, हे मान्य करावं लागलं. आतून कनकाअक्का ओरडली की बिया नकोत, डॉक्टरणीने सांगितलंय, बार्शी, गुमान जा. अलमेलू म्हणाली, बिया काढून दे. मी म्हटलं, पेरूतल्या बिया काढल्या तर राहतं काय? ती म्हणाली, ते तू बघ.

पिंपरीला आल्यावर मी एकदा प्रयत्न केला. पेरू उकडला, गाळला, साखर घातली. जे झालं ते माझ्या खोलीतल्या जोडीदाराने ओळखलं नाही आणि खाल्लंही नाही. तेव्हापासून बाजारात पेरूची टोपली दिसली की मी दुसऱ्या बाजूने जातो. अर्धा पेरू अजून माझ्याकडे निघतो.